आठ खून, दोन पोलीस आणि उधारीची वही

३० जून २००६ रोजी ब्रुकलिनच्या फेडरल न्यायालयात जॅक वाइनस्टीन नावाच्या ८४ वर्षांच्या न्यायाधीशांनी एक निकाल दिला. आरोपी होते न्यूयॉर्क पोलीस दलातले दोन निवृत्त डिटेक्टिव्ह, लुई एपोलिटो आणि स्टीफन काराकॅपा. माफियाच्या पगारावर राहून आठ खुनांत हात असल्याबद्दल ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांमधून निवडलेल्या पंचांनी, त्यांना त्याच वर्षी ६ एप्रिलला दोषी ठरवलं होतं. पुरावा भक्कम आहे आणि खुनांतला त्यांचा हात सिद्ध झाला आहे, हे न्यायाधीशांनीही निकालपत्रात मान्य केलं. आणि तरीही मुख्य आरोपातून दोघांना मोकळं केलं.

कारण काय, तर मुदत टळली होती.

हा प्रसंग ऐकला की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘न्यायाधीशाला मॅनेज केला असणार.’ तसं काही झालेलं नव्हतं. वाइनस्टीन हे अमेरिकेतल्या अत्यंत नावाजलेल्या न्यायाधीशांपैकी एक. खटला उभा राहण्याआधीच त्यांनी सरकारी वकिलांना या अडचणीची जाणीव करून दिली होती. मग गुन्हा सिद्ध होऊनही आरोपी सुटतो कसा? आणि मुळात दोन पोलिसांवर खुनाचा सरळ खटला न भरता हा आडवळणाचा रस्ता कशासाठी? याचं उत्तर समजून घ्यायचं, तर आधी पोलिसाकडून माफिया नेमकं काय विकत घेतो ते पाहायला हवं.

हप्ता वेगळा, पगार वेगळा

पोलीस आणि पैसा म्हटलं की आपल्या डोक्यात ‘हप्ता’ येतो. मटक्याच्या अड्ड्यावरून, दारूच्या गुत्त्यावरून महिन्याच्या महिन्याला पाकीट जातं आणि पोलीस तिकडे बघत नाही. हप्ता हा डोळेझाकीचा दर असतो. घेणाऱ्याने काही करायचं नसतं, उलट काही न करणं हेच त्याचं काम.

एपोलिटो आणि काराकॅपा यांचा व्यवहार निराळ्या जातीचा होता. खटल्यातल्या साक्षीनुसार दोघांना मिळून महिना ४,००० डॉलर बांधून दिलेले होते. एखादी कंपनी वकिलाला दरमहा ठरावीक फी देते आणि मोठं काम निघालं की त्याचे वेगळे पैसे मोजते, तसा हा मामला. बांधलेल्या पैशांत माहिती पुरवायची: कोणाचा फोन टॅप होतोय, कोणाला अटक होणार आहे, टोळीतला कोण फितूर होऊन पोलिसांशी बोलतोय. खून हे वेगळ्या बिलाचं काम.

गिऱ्हाईक होता अँथनी कॅसो, टोपणनाव ‘गॅसपाइप’. न्यूयॉर्कच्या माफियात पाच मोठ्या टोळ्या, त्यांना तिथे ‘फॅमिली’ म्हणतात. त्यांतल्या लुकेझी टोळीत कॅसो पुढे दुसऱ्या नंबरवर पोहोचला. गंमत अशी की बरीच वर्षं तो या दोघांशी थेट व्यवहारच करत नव्हता. मधे बर्टन कॅपलन नावाचा दलाल होता, कपड्यांच्या धंद्यातला आणि चोरट्या मालाच्या व्यवहारात मुरलेला. कॅसोला माहिती मिळाली की झालं. तो त्यांना ‘क्रिस्टल बॉल’ म्हणायचा, म्हणजे भविष्य दाखवणारा काचेचा गोळा.

यांना माफियाचे निष्ठावान शिपाई म्हणायची पद्धत आहे. पण माफियाच्या रिवाजानुसार पोलिसात नोकरी केलेल्या माणसाला टोळीचं सभासदत्व मिळत नाही. कॅपलन ज्यू होता, त्यामुळे इटालियन रक्ताची अट त्यालाही आडवी येत होती. म्हणजे कॅपलन आणि हे दोन पोलीस, तिघेही टोळीच्या ओसरीवरचे. घरात कधीच न गेलेले. हा तपशील आत्ता किरकोळ वाटेल, पण पुढे सगळा खटला त्याच्यावरच फिरला.

नाव जुळलं, माणूस चुकला

सप्टेंबर १९८६ मध्ये ब्रुकलिनमध्ये कॅसोवर गोळीबार झाला. तो जखमी झाला, पण वाचला. आता त्याला हल्लेखोर हवे होते, आणि पोलिसांनी पकडायच्या आधी हवे होते.

हल्लेखोरांपैकी एकाचं नाव कळलं, जेम्स हायडेल. १८ ऑक्टोबर १९८६ रोजी दोन डिटेक्टिव्ह त्याच्या घरी जाऊन आले. त्याच्या आईने त्यांना पाहिलं, त्यांच्याशी बोलली. त्याच दिवशी हायडेल ब्रुकलिनमध्ये त्यांच्या हाती लागला. पोलिसांनी गाडीत बसायला सांगितलं, तो बसला. गुंडांनी हाक मारली असती तर पळाला असता. पुढे त्याला गाडीच्या डिकीत कोंबून एका खेळण्यांच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये कॅसोच्या ताब्यात दिलं गेलं. कॅसोने हालहाल करून त्याच्याकडून बाकीच्यांची नावं काढली आणि त्याला मारलं. मृतदेह आजतागायत मिळालेला नाही.

हाल होत असताना हायडेलने घेतलेल्या नावांत एक होतं निकी गिडो. कॅसोने त्याचा पत्ता मागवला. काराकॅपाने नोव्हेंबरमध्ये पोलीस खात्याच्या संगणकावर ते नाव टाकलं. त्या नावाचा एक माणूस निघाला, पत्ता मिळाला आणि पुढे गेला.

तो माणूस वेगळाच होता. टेलिफोन कंपनीत काम करणारा २६ वर्षांचा तरुण, आईवडिलांजवळ राहणारा, टोळीशी काडीचाही संबंध नसलेला. २५ डिसेंबरला, ऐन नाताळच्या दिवशी, जेवणं झाल्यावर तो आपली नवी गाडी काकांना दाखवायला खाली उतरला आणि मारेकऱ्यांनी त्याला गाडीतच गोळ्या घातल्या.

मतदारयादीत एकाच नावाची चार माणसं निघतात, बँकेत दुसऱ्याच ‘सुरेश पाटील’च्या खात्यात पैसे जातात, हा अनुभव कोणाला नाही? आपण जाऊन दुरुस्त करून आणतो. इथे दुरुस्तीला जागा नव्हती. खात्याच्या आत बसलेल्या माणसाने दिलेली माहिती, म्हणून कोणी पुन्हा ताडून पाहिली नाही.

त्या संगणकावरच्या शोधाची नोंद मात्र खात्याच्या दप्तरात तशीच राहिली. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या दिवशी कोणाचं नाव शोधलं, सगळं. जवळजवळ २० वर्षांनी ती नोंद पुरावा म्हणून समोर आली.

‘बदनामी झाली म्हणून तो तिकडे वळला’, हे कितपत खरं?

एपोलिटोची कहाणी सिनेमाला शोभेल अशी आहे, आणि त्याने ती तशीच विकली. वडील गँबिनो टोळीत, काकाही त्याच टोळीतला वरच्या हुद्द्याचा. मुलगा मात्र १९६९ मध्ये पोलिसात भरती झाला, पदकं मिळवली. १९८४ मध्ये एका माफिया आरोपीच्या घरी पोलिसांची गुप्त कागदपत्रं सापडली, त्यांच्या छायाप्रतींवर एपोलिटोच्या बोटांचे ठसे निघाले. तो निलंबित झाला. खात्याच्या चौकशीत आरोप सिद्ध झाले नाहीत आणि तो पुन्हा कामावर आला. त्यानंतर तो जन्मभर हेच सांगत राहिला की खात्याने माझ्यावर अन्याय केला, आडनावाची शिक्षा दिली. निवृत्तीनंतर त्याने यावर पुस्तकही लिहिलं, पुढे लास वेगासला राहायला गेला. सिनेमांत छोट्या भूमिका केल्या, त्याही बहुधा गुंडांच्या.

अपमानित पोलीस, त्याला जवळ करणारा डॉन, आणि मग उपकाराखाली जन्मभराची इमानदारी. ऐकायला बरं वाटतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण काराकॅपा.

काराकॅपा कधीच बदनाम झाला नव्हता. व्हिएतनाममध्ये सैनिक म्हणून जाऊन आलेला, किडकिडीत, अबोल, काळे कपडे घालणारा. संघटित गुन्हेगारीतल्या खुनांचा तपास करणारं खास पथक उभं करण्यात त्याचा हात होता आणि लुकेझी टोळीची माहिती सांभाळण्याचं काम त्याच्याचकडे होतं. ज्या टोळीचं कपाट सांभाळायचं, तिलाच किल्ली भाड्याने दिलेली. त्याच्यावर कसला अन्याय झाला होता? एपोलिटो हा बोलका, जाडजूड, सगळ्यांच्या नजरेत भरणारा. माफियाच्या दृष्टीने जास्त मोलाचा होता तो दुसरा, ज्याच्या सेवापुस्तकावर डाग नव्हता. डागी माणसाला कपाटाजवळ कोण बसवतं?

खात्यांची एक खोड असते. एकदा नाव निघालेल्या माणसावर सगळ्यांची नजर, आणि ज्याचं कधीच नाव निघालं नाही त्याच्यावर कोणाचीच नाही.

मग सरळ खुनाचाच खटला का नाही भरला?

हा प्रश्न रास्त आहे. खुनाला मुदत नसते, न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यातही नाही. वीस काय, चाळीस वर्षांनीही खटला भरता येतो.

पण अमेरिकेत खून हा मुख्यतः राज्याच्या अखत्यारीतला गुन्हा. आणि न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात एक कडक नियम आहे: साथीदाराच्या एकट्याच्या जबाबावर कोणालाही शिक्षा होऊ शकत नाही. गुन्ह्याशी आरोपीचा संबंध जोडणारा दुसरा, स्वतंत्र पुरावा लागतो. आपण ज्याला माफीचा साक्षीदार म्हणतो, तोच या खटल्याचा कणा होता. कॅपलन स्वतः अमली पदार्थांच्या गुन्ह्यात २७ वर्षांची शिक्षा भोगत होता. अनेक वर्षं तो तोंड उघडायला तयार नव्हता, २००४ मध्ये तयार झाला. त्याआधी १९९४ मध्ये खुद्द कॅसोने तपास यंत्रणेला या दोन पोलिसांबद्दल सांगितलं होतं, पण तो इतका अट्टल थापाड्या ठरला की त्याच्या भरवशावर खटला उभा करायची कोणाची हिंमत झाली नाही. राज्याच्या न्यायालयात आठही खुनांना प्रत्येकी स्वतंत्र दुजोरा शोधत बसावं लागलं असतं.

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या न्यायालयात हा नियम इतका कडक नाही. शिवाय तिथे एक खास हत्यार आहे, १९७० सालचा ‘रिको’ कायदा. हा या लेखातला एकमेव अवघड शब्द, तेव्हा एकदाच नीट बघून घेऊ.

रिको म्हणजे काय

एरवी कायदा सुट्या कृत्याला शिक्षा देतो. चोरी केली, चोरीची शिक्षा. टोळीच्या बाबतीत तिथेच अडतं. गोळी झाडणारा पोऱ्या पकडला जातो आणि आदेश देणारा घरी चहा पीत बसतो. रिकोने दृष्टीच बदलली. त्याने विचारलं, हा धंदा कोणाचा आहे? धंदा एक आहे हे दाखवा, त्यात वेळोवेळी गुन्हे झाले हे दाखवा (दहा वर्षांच्या अंतरात किमान दोन), आणि आरोपी त्या धंद्यात सामील होता हे दाखवा. मग गल्ल्यावर बसणारा, माल पोहोचवणारा आणि नुसता फोन उचलणारा, सगळे एकाच माळेत.

आणि धंदा म्हणजे नोंदणी केलेली कंपनीच हवी असं नाही. चार माणसं पैसे कमवायला मिळून गुन्हे करतात, तेवढं पुरतं.

इथे आधीचा तपशील आठवा. सरकारी वकिलांनी ‘धंदा’ म्हणून लुकेझी टोळी दाखवली असती, तर कथा नव्वदच्या दशकातच संपली असती. कॅसो जानेवारी १९९३ मध्ये पकडला गेला, एपोलिटो १९९० आणि काराकॅपा १९९२ मध्ये निवृत्त झाले. म्हणून वकिलांनी वेगळी मांडणी केली. धंदा टोळीचा नव्हताच, तो या पोलिसांचा स्वतःचा होता. एपोलिटो, काराकॅपा आणि मंडळी यांची भागीदारीतली पेढी. लुकेझी टोळी हे तिचं मोठं गिऱ्हाईक, इतकंच. गिऱ्हाईक गेलं म्हणून पेढी बंद पडत नाही.

ही मांडणी हुशारीची होती. जरा जास्तच हुशारीची, असं वाइनस्टीन यांना वाटलं.

आता उधारीची वही

रिकोच्या कटाला पाच वर्षांची मुदत असते. कट संपल्यापासून पाच वर्षांच्या आत आरोप ठेवला पाहिजे. दोघांना ९ मार्च २००५ रोजी लास वेगासमध्ये अटक झाली. म्हणजे कट निदान २००० सालापर्यंत चालू होता, असं दाखवणं भाग होतं. पण आठांपैकी शेवटचा खून होता १९९१ चा.

समजा, तुम्ही कोणाला हातउसने पैसे दिले. आपल्याकडे वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. पण मुदत संपायच्या आत त्या माणसाने सही करून थोडी रक्कम फेडली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात, कारण खातं चालू असल्याचं त्यानेच कबूल केलं. आता समजा, दहा वर्षं काहीच व्यवहार नाही, आणि मग एक दिवस त्याच माणसाने तुमच्याकडून दुधाची पिशवी उधार नेली. जुनं कर्ज जिवंत झालं का? की दूध हा नवाच व्यवहार? (वकील मंडळी या उदाहरणाला नाक मुरडतील, दिवाणी आणि फौजदारीची खिचडी केली म्हणून. पण कल्पना येण्यापुरतं ते चालेल.)

या खटल्यातली दुधाची पिशवी अशी. २००४-०५ मध्ये तपास यंत्रणेने एक खबरी लास वेगासमध्ये एपोलिटोजवळ पेरला. एपोलिटो तेव्हा सिनेमाच्या संहिता लिहून त्यांना पैसे लावणारा शोधत होता. खबऱ्याने अमली पदार्थांच्या धंद्यातून आलेला म्हणून सांगून पैसा देऊ केला, एपोलिटोला त्याची अडचण वाटली नाही. मग खबरी म्हणाला, हॉलिवूडचे पाहुणे येतायत, त्यांच्यासाठी थोडा माल लागेल. मेथ हा अमली पदार्थ मिळाला. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, सोनाराच्या भाषेत पावणेतीन तोळे.

आठ खुनांचं ओझं या पावणेतीन तोळ्यांवर तोललेलं होतं.

वाइनस्टीन म्हणाले, हे दूध आहे. ब्रुकलिनमध्ये पोलिसी अधिकार विकून खून पाडणारी पेढी वेगळी, आणि लास वेगासमध्ये दोन निवृत्त माणसांनी केलेला हा फुटकळ व्यवहार वेगळा. जागा वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, कामाचा प्रकार वेगळा. जुनी वही केव्हाच मिटली होती. म्हणून कटाच्या आरोपातून मुक्तता, आणि लास वेगासच्या गुन्ह्यांपुरता नवा खटला. दोघांचं पाऊल मात्र तुरुंगाबाहेर पडलं नाही. सरकारने अपील केलं आणि ते आतच राहिले.

खुनाच्या बाबतीत मुदतीचा हट्ट कशासाठी?

इथे बहुतेकांचा संयम सुटतो. माणसं मेली आहेत आणि तुम्ही कॅलेंडर मोजताय?

मुदत ही खुनाला लावलेली नव्हतीच, हे आधी ध्यानात घ्या. ती ‘कटाला’ होती, आणि कटाचा रस्ता सरकारने स्वतः निवडला होता, कारण तो सोपा होता. सोप्या रस्त्याने जायचं तर त्यावरचा टोलही भरायचा.

दुसरं, मुदत असते तरी कशाला? पंधरा वर्षांपूर्वीच्या अमुक मंगळवारी तुम्ही संध्याकाळी कुठे होतात, सांगा बरं. निर्दोष माणसालाही सांगता येणार नाही. ज्याच्या घरी तो होता तो मित्र वारलेला असतो, पावत्या फाटलेल्या असतात. जुन्या आरोपापुढे खरा गुन्हेगार आणि निरपराध सारखेच हतबल होतात. एपोलिटोसारख्याला त्याचा फायदा मिळावा हे मनाला डाचतं, पण नियम त्याच्यासाठी केलेला नसतो.

आणि माफीच्या साक्षीदारावर विसंबायचं का? कॅपलन काही संत नव्हता. साक्ष दिली तर शिक्षा कमी होणार हे त्याला ठाऊक होतं, आणि बचाव पक्षाने त्याच्यावर याच अंगाने हल्ला चढवला. त्याची साक्ष टिकली ती त्याच्या चेहऱ्यावरच्या प्रामाणिकपणामुळे नाही. तो सांगत होता त्याला बाहेरच्या गोष्टी येऊन जुळत होत्या. संगणकावरची ती नोंद. हायडेलच्या आईने १९९२ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत पुस्तकाची जाहिरात करणाऱ्या एपोलिटोला पाहिलं आणि मुलाला शोधत आलेला हाच, हे ओळखलं. १९८६ च्या फेब्रुवारीत नाहीसा झालेला एक हिरे व्यापारी, ज्याचा सांगाडा २००५ मध्ये ब्रुकलिनच्या एका गॅरेजच्या काँक्रीटखाली मिळाला. माफीच्या साक्षीदाराला असंच वापरायचं असतं: त्याच्या बोलण्याने खणायची जागा कळते, खणायचं आपण.

त्या मुलाखतीचं मला राहून राहून नवल वाटतं. ज्याच्या पोटात एवढं दडलेलं आहे तो माणूस देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमात जाऊन बसतो! गप्प राहणं हा काराकॅपाचा गुण होता, एपोलिटोचा नव्हे.

वरच्या न्यायालयाने वही पुन्हा उघडली

१७ सप्टेंबर २००८ रोजी अपील न्यायालयाने वाइनस्टीन यांचा निकाल फिरवला. अपील न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं. पेढी संपली की चालू राहिली, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि तो ठरवायचं काम ज्युरीचं. पेढीचा उद्देश होता वाममार्गाने पैसा मिळवणं. माणसं तीच, उद्देश तोच, विश्वासाचं नातं तेच. गाव बदललं, माल बदलला, म्हणून दुकान बदललंच असं म्हणता येत नाही. शिवाय एकदा कट सुरू झाला की तो संपल्याचं किंवा आपण त्यातून बाहेर पडल्याचं दिसेपर्यंत तो चालूच धरतात. ज्युरीने पुरावा ऐकून ‘चालू होता’ म्हटलं, ते अशक्य कोटीतलं नाही, तर न्यायाधीशाने ते पुसायचं कारण नाही.

तुम्हाला कोणाचं पटतं? मला वाइनस्टीन यांचं वाचन कायद्याला जास्त धरून वाटतं, आणि निकाल मात्र वरच्या न्यायालयाचा बरा वाटतो. यात विसंगती आहे हे कबूल.

६ मार्च २००९ रोजी वाइनस्टीन यांनीच शिक्षा सुनावली. एपोलिटोला जन्मठेप आणि वर १०० वर्षं, काराकॅपाला जन्मठेप आणि वर ८० वर्षं. दंड अनुक्रमे ४७ लाख आणि ४२ लाख डॉलरच्या आसपास. काराकॅपा २०१७ मध्ये आणि एपोलिटो २०१९ मध्ये कैदेतच वारला.

आपल्याकडे असं झालं तर?

महाराष्ट्राचा १९९९ चा मकोका रिकोच्याच कुळातला. इथेही सुट्या गुन्ह्यापेक्षा टोळीच्या सातत्याला महत्त्व आहे. मागच्या दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकाहून जास्त आरोपपत्रं दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब इथे पुरावा ठरतो, एरवी तो ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही संघटित गुन्हेगारीचं वेगळं कलम आलं आहे.

मुदतीचा पेच मात्र आपल्याकडे असा पडला नसता. तीन वर्षांपेक्षा जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यांना आपल्या फौजदारी प्रक्रियेत मुदतीचं बंधन नाही.

पोलिसांच्या दृष्टीने मकोकातली दोन कलमं पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांत ‘हप्ता’ आणि ‘पगार’ हा फरक जवळजवळ तसाच उतरला आहे. टोळीच्या कटातच सामील असलेल्याला कलम ३ लागतं: किमान पाच वर्षं, जन्मठेपेपर्यंत. टोळीला मदत करणाऱ्या किंवा कर्तव्य असून कारवाई टाळणाऱ्या सरकारी नोकराला कलम २४: जास्तीत जास्त तीन वर्षं. २००३ मध्ये तेलगीच्या बनावट मुद्रांक घोटाळ्यात मोठ्या पोलीस अधिकाऱ्यांना मकोकाखाली अटक झाली, तेव्हा हे दुसरं कलम लोकांच्या कानावर आलं. त्यांतल्या काहींवरचे आरोप पुढे टिकले नाहीत.

अडचण उघड आहे. डोळेझाक कुठे संपते आणि सामील होणं कुठे सुरू होतं? संगणकावर एक नाव टाकून पत्ता काढून देणं ही ‘मदत’ की ‘कट’? काराकॅपाने त्या दिवशी पिस्तूल हातात घेतलं नव्हतं. कळफलकावर एक नाव टाकलं, एवढंच. तीन वर्षं की जन्मठेप, हे त्या पत्त्याचं पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं की नाही, एवढ्यावर ठरेल, आणि ते सिद्ध करायला पुन्हा एखादा कॅपलनच लागेल.

एपोलिटोने केलेल्या जुन्या तपासांचं काय?

हा भाग बातम्यांत सहसा शेवटच्या परिच्छेदात येतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत भयंकर आहे. पोलीस म्हणून एपोलिटोने वीस वर्षं माणसं पकडली होती. ती सगळी प्रकरणं एका रात्रीत संशयास्पद झाली.

पोस्टात नोकरी केलेला ब्रुकलिनचा एक माणूस १९८६ मधल्या एका बाईच्या खुनासाठी जन्मठेप भोगत होता. तपास एपोलिटोचा. मुख्य साक्षीदाराने २००५ मध्ये सांगितलं की त्याला ओळख पटवायला एपोलिटोने धमकावून भाग पाडलं होतं. त्या प्रकरणाची फाइल न्यूयॉर्कला मिळत नव्हती. एपोलिटोच्या अटकेनंतर झालेल्या झडतीत ती त्याच्या लास वेगासच्या घरात सापडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो माणूस सुटला. तोवर त्याची जवळपास १९ वर्षं तुरुंगात गेली होती. २०१० मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला ९९ लाख डॉलर भरपाई दिली.